घरात साप दिसला: तो कोणता, हे कसं ओळखायचं?

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती महाराष्ट्रात घर, गोठा, गच्ची आणि परसात सापडणाऱ्या सापांपुरती आहे. दुसऱ्या राज्यात, विशेषतः ईशान्येकडे, या खुणा जशाच्या तशा लावू नका. तिथले साप वेगळे आहेत.

साप दिसला. ओळखायच्या आधी काय करू?

जागीच थांबा आणि सापावरची नजर काढू नका. मुलं, वयस्कर माणसं, कुत्रं-मांजर आधी खोलीबाहेर जाऊ द्या. मांजराकडे जास्त लक्ष हवं, कारण ते पळण्याऐवजी सापाशी खेळायला जातं. तुमच्यात आणि सापात किमान ६ ते ७ फूट अंतर ठेवा. साप साधारण स्वतःच्या लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्या अंतरापर्यंत झेप घेतो. म्हणजे चार फुटी घोणस दोन फुटांच्या आसपास पोचते. वरचं अंतर आपण दचकतो, पाय घसरतो, त्यासाठी लागतं.

मग खोलीची दारं लावून घ्या, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल गच्च कोंबा आणि दिवा चालू ठेवा. एकाने खिडकीतून किंवा दाराच्या फटीतून साप कुठे जातो ते बघत राहायचं, दुसऱ्याने वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर किंवा माहितीतल्या सर्पमित्राला फोन करायचा. बघत राहणाऱ्याचं काम लोक हलक्यात घेतात. साप कपाटामागे गेला की माळ्यावर, हे कुणालाच सांगता आलं नाही, की तासन् तास सामान हलवण्यात जातात.

काठी, झाडू, पाणी, फिनाईल यातलं काहीही वापरू नका. डिवचलेला साप थेट अडगळीत शिरतो. मग तो दिसतही नाही आणि ओळखताही येत नाही.

विषारी साप ओळखायची एकच खात्रीची खूण सांगा ना.

अशी खूण नाही. ज्या सांगितल्या जातात त्या प्रत्येकीत भोक आहे.

‘त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी’ हे घोणस आणि फुरशाला लागू पडतं. नाग आणि मण्यार यांची डोकी मात्र साधी, लांबट असतात, मानेपासून फारशी वेगळीही दिसत नाहीत. उलट निरुपद्रवी पाणदिवड चिडली की डोकं चपटं करून त्रिकोणी करते. ‘उभी बाहुली म्हणजे विषारी’ म्हणाल तर अजगर, डुरक्या घोणस आणि मांजऱ्या या तिघांचीही बाहुली उभी असते. नागाची गोल असते. मण्यारीचा डोळा इतका काळाभोर की बाहुली वेगळी दिसतच नाही. ‘भडक रंग म्हणजे विषारी’ ही तर सगळ्यात घातक समजूत, कारण मण्यारीच्या अंगावर भडक असं काहीच नसतं.

एका वेळी किमान तीन गोष्टी बघायच्या: अंगावरची नक्षी कुठे सुरू होते आणि कुठे विरते, डोकं-मानेची ठेवण, आणि शेपटीची जाडी. तिन्ही एकाच सापाकडे बोट दाखवत असतील तरच नाव घ्यायचं. दोन जुळतात आणि तिसरी जुळत नाही, तर तो विषारी आहे असं धरूनच वागायचं.

घरात येणारे विषारी साप नेमके किती?

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार. देशात सापाच्या विषाने होणारे बहुतेक मृत्यू यांच्याच खाती जातात. सह्याद्री आणि कोकणात यात चापड्याची भर पडते. पोवळा सापही विषारी आहे, पण तो बारीक, मातीत राहणारा आणि घरात क्वचितच दिसणारा.

बाकी घरात सापडतात ते बहुतेक बिनविषारी: धामण, तस्कर, कवड्या, कुकरी, नानेटी, पाणदिवड, वाळा. मांजऱ्या आणि हरणटोळ निमविषारी. त्यांचं विष पाल, सरडा, छोटे पक्षी यांच्यापुरतं असतं.

काळपट साप, अंगावर पांढरे आडवे पट्टे. मण्यार की कवड्या?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त चुकणारं उत्तरही. दोघं रात्री फिरतात, दोघं घरात येतात. कवड्या पालींच्या मागे येतो. मण्यार उंदरांच्या मागे येते, आणि दुसऱ्या सापांच्याही. साप हे तिचं आवडतं खाणं. त्यामुळे एका घरात आज कवड्या निघाला म्हणून पुढच्या आठवड्यात निघालेला पट्ट्यांचा साप कवड्याच असेल असं नाही.

पट्ट्यांची दिशा बघा. कवड्याचे पट्टे मानेवर सगळ्यात ठळक असतात. पहिला तर कॉलरसारखा दिसतो. मागे जाता जाता ते फिके होत जातात आणि शेपटीवर जवळजवळ नाहीसे होतात. मोठ्या मण्यारीचं उलट: मानेजवळ पट्टे नसतात, किंवा पाठीच्या मध्यावर नुसते पांढरे ठिपके असतात. पट्टे मागे सुरू होतात आणि शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात. मण्यारीचे पट्टे बारीक, सुईने ओढल्यासारखे, बहुधा जोडीजोडीने येतात. कवड्याचे जाडसर, आणि कुशीवर उतरताना दुभंगून जाळीसारखे पसरतात.

रंग: मण्यार काळी किंवा निळसर काळी, तेल लावल्यासारखी चकचकीत. कवड्या तपकिरी, चॉकलेटी, कधी करडा. पिवळ्या दिव्याखाली हा फरक पुसला जातो, म्हणून एकट्या रंगावर जाऊ नका.

आता जवळची खूण, जी चांगल्या फोटोत झूम करून दिसते. मण्यारीच्या पाठीच्या बरोबर मध्यावरून, डोक्यामागून शेपटीपर्यंत, मोठ्या षटकोनी खवल्यांची एक ओळ जाते. बाजूचे खवले छोटे, मधले ठसठशीत मोठे, एकामागे एक फरशा बसवाव्यात तसे. कवड्याचे पाठीवरचे खवले सगळे एकाच मापाचे असतात. ही ओळ दिसली की पट्ट्यांचा वाद तिथेच मिटतो.

लांबी: कवड्या बहुधा दीड-दोन फूट, क्वचित अडीच. मण्यार तीन-चार फूट, कधी पाच फुटांच्याही पुढे.

आणि या सगळ्यात जिथे लोक फसतात ते इथे: मण्यारीचं पिल्लू कवड्याएवढंच असतं आणि त्याचे पट्टे मानेपर्यंत स्पष्ट असू शकतात. उलट काही मोठ्या मण्यारी जवळपास पूर्ण काळ्या असतात, पट्टे शोधावे लागतात. तेव्हा दीड फुटाचा, गडद, पट्ट्यांचा साप दिसला आणि मधल्या खवल्यांची ओळ नीट दिसत नसेल, तर ती मण्यार समजा.

तो भिंतीवर चढत होता. म्हणजे कवड्याच ना?

कवड्या खडबडीत भिंतीवर, खिडकीच्या जाळीवर, पडद्यावर सहज चढतो. मण्यार मुख्यतः जमिनीवरची. पण ती पलंगावर, रचलेल्या विटांवर, कौलांपर्यंतही पोचते. भिंतीवर चढणं हा पुरावा नाही, फार तर इशारा आहे.

पट्टे आहेत, पण साप फिका तपकिरी आणि पट्टे काळे.

मग तो बहुधा कुकरी. फिक्या अंगावर काळे आडवे पट्टे, आणि डोक्यावर उलट्या ‘व्ही’सारख्या दोन-तीन गडद खुणा. मण्यारीच्या अगदी उलटी रंगसंगती. लहान, मंद, बिनविषारी.

नाग की धामण? फणा काढलेला नव्हता.

फणा न काढता सरपटणारा नाग भल्याभल्यांना धामण वाटतो. मोठी धामण सहा-सात फुटांची असते, नाग बहुधा तीन ते पाच फुटांचा. पण चार फुटी सापाबाबत लांबी काहीच सांगत नाही.

धामणीचं डोकं मानेपेक्षा रुंद, डोळे मोठे, आणि ओठांवर उभ्या काळ्या रेघा, जणू पेनने आखलेल्या. अंगाच्या मागच्या भागावर काळे तुटक पट्टे किंवा जाळी दिसते. चाल विजेसारखी. नागाचं डोकं आणि मान जवळपास एका रुंदीची, डोळे त्या मानाने लहान, डोळ्याखाली एक गडद ठिपका. तो थोडा वर उठला तर गळ्याखाली रुंद काळे आडवे पट्टे दिसतात. फण्यावरची चष्म्याची खूण पुसट असू शकते, कधी नसतेच. ‘आकडा नव्हता म्हणून नाग नव्हता’ असं ठरवू नका.

चिडल्यावर फरक उघड होतो. नाग मान आडवी पसरतो. धामण गळा वरून खाली, उभा फुगवते आणि घुरघुरल्यासारखा आवाज काढते. समोरून बघणाऱ्याला दोन्ही ‘फणा’च वाटतात, बाजूने बघितलं की कळतं.

पाणदिवडही मान चपटी करून उठते, आणि पावसाळ्यात मोरीत किंवा कमोडमध्ये सापडते ती बहुधा हीच. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आणि डोळ्यापासून खाली-मागे जाणाऱ्या दोन काळ्या तिरक्या रेघा बघा. ती दणकून चावते, रक्त येतं, पण विष नाही.

धूळनागीण नावाचा एक साधा तपकिरी, निमुळत्या तोंडाचा, बिनविषारी साप आहे. नावात नागीण असल्यामुळे बिचारीचा जीव जातो.

अंगावर मोठे गोल ठिपके असलेला जाड साप: अजगर आहे का?

अजगराचं पिल्लू समजून घोणस हातात घेणं ही चूक जिवावर बेतते, म्हणून इथे सावकाश.

घोणशीच्या पाठीवर गडद तपकिरी, काळ्या कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन समांतर ओळी असतात. एक मध्यावर, दोन कुशींवर. मधली ओळ साखळीच्या कड्यांसारखी. ठिपके नीटनेटके, ठशाने उमटवल्यासारखे. डोकं स्पष्ट त्रिकोणी, वरून बारीक खरखरीत खवल्यांनी झाकलेलं, नाकपुड्या मोठ्या. अंगावरचे खवले खडबडीत, उजेडात चमकत नाहीत. शेपूट अंगाच्या मानाने आखूड. छेडली तर कुकरची शिटी सुरू व्हावी तसा लांब, मोठा फुत्कार.

अजगराचे डाग वेडेवाकडे, नकाशातल्या जिल्ह्यांसारखे. कुठल्याही दोन डागांचा आकार जुळत नाही. डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण, चेहऱ्यावर गुलाबी झाक, अंग गुळगुळीत आणि चकचकीत. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लूही दीड-दोन फुटांचं असतं. घोणशीची पिल्लं थेट जन्माला येतात, एका वेळी २० ते ४०, आणि जेमतेम वीत-सव्वा वीत लांब.

डुरक्या घोणस नावाने घोणस, पण बिनविषारी. तिचे डागही वेडेवाकडे, पण मान दिसतच नाही, डोकं थेट अंगात मिसळलेलं, आणि शेपूट एकदम तुटल्यासारखी आखूड संपते. हळू असते. आता यात गोम अशी की डुरक्या खडबडीतही असते आणि तिची बाहुलीही उभी असते. मग मान बघा. मान स्पष्ट असेल तर मागे सरा.

फुरसं कसं ओळखायचं?

लहान असतं, हे आधी डोक्यात ठेवा: बहुतेक एक ते दीड फूट. कोकणात, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गात, आणि दगडाळ माळरानांवर जास्त. घरात ते दगडी जोत्याच्या फटीतून, लाकडाच्या ढिगातून किंवा सरपणाबरोबर येतं. डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी फिकी खूण, कुशीवर पांढरट नागमोडी रेघ. धोका वाटला की इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वेटोळं घालून अंग अंगावर घासतं आणि करवत चालवल्यासारखा खरखर आवाज येतो. हा आवाज तोंडातून नाही, कुशीच्या दातेरी खवल्यांतून येतो.

मांजऱ्याला फुरसं समजून मारलं जातं. मांजऱ्या लांब आणि सडपातळ, मान दोऱ्यासारखी बारीक, डोळे चेहऱ्याच्या मानाने फार मोठे. डोक्यावरची खूण इंग्रजी ‘वाय’सारखी. तो करवतीचा आवाज काढत नाही, शेपूट थरथरवतो.

हिरवा साप कुंडीत, वेलीवर, ग्रिलवर.

दोरीसारखा बारीक, लांब, टोकदार नाक, आणि बाहुली आडवी: हरणटोळ. तो कपाळावर चावून भोक पाडतो ही निव्वळ दंतकथा. जाडसर, जमिनीवर, बेडकासाठी आलेला, खवले मखमली, पिल्लाच्या मानेवर काळी उलटी ‘व्ही’: गवत्या, निरुपद्रवी. जाडसर, डोकं रुंद त्रिकोणी, मान बारीक, आणि डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा: चापडा, विषारी. तो तासन् तास एका जागी निपचित बसतो, म्हणून लोक त्याला मेलेला समजतात.

बाथरूममध्ये गांडुळासारखं काहीतरी चकचकीत वळवळतंय.

वाळा. पाच-सहा इंचांचा, काळसर, मोरीच्या जाळीतून वर येतो. गांडुळाच्या अंगावर कड्या दिसतात आणि ते ताणत-आखडत चालतं. वाळा सापासारखा सरपटतो आणि नीट पाहिलं तर सूक्ष्म जीभ बाहेर येते. तो मुंग्या-वाळवीची अंडी खातो. चावू शकत नाही. शेपटीला बारीक काटा असतो, तो टोचला तरी काही होत नाही. या जातीत सगळ्या माद्याच असतात, नराशिवाय अंडी देतात. तेव्हा एक निघाला की आणखी निघू शकतात. खात्री पटली की सुपलीवर घेऊन ओल्या मातीत सोडा आणि जाळी बारीक भोकांची बसवा.

चार छोटे पाय असतील तर ती सापसुरळी, म्हणजेच सापाची मावशी. साप नाहीच.

छोटं पिल्लू आहे. त्याला विष असतं का?

असतं, जन्मल्यापासून. नागाचं अंड्यातून आलेलं पिल्लू फणाही काढतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला पिल्लं घरात शिरण्याचं प्रमाण वाढतं, कारण बऱ्याच सापांची अंडी त्याच सुमारास फुटतात. एका आठवड्यात एकाच मोरीजवळ दोन-तीन सारखीच पिल्लं दिसली तर जवळ अंड्यांची जागा असू शकते: उंदराचं बीळ, विटांचा ढीग, जुन्या जोत्याची पोकळी. आई पिल्लांना घेऊन फिरत नाही किंवा सूड घ्यायला येत नाही.

ओळख पटवण्यासाठी फोटो कसा काढू?

फोटोवरून ओळख चुकते ती बहुतेक एकाच कारणाने: फोटोत फक्त वेटोळं असतं, डोकंही नाही आणि शेपूटही नाही. पुढे झुकू नका, जागेवरूनच झूम करा. फोटोंपेक्षा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ बरा, त्यातून हवी ती चौकट काढता येते.

पूर्ण साप एका फोटोत हवा. मग डोकं बाजूने, डोकं-मान वरून, पाठीचा मधला भाग, आणि शेपूट. पाचही मिळतील असं नाही, पण पाठ आणि मान तरी मिळवा. मापासाठी जवळची फरशी फोटोत येऊ द्या. फरशी एक फुटी की दोन फुटी हे सोबत लिहा, कारण घाबरलेल्या माणसाला तीन फुटांचा साप नेहमी सहा फुटांचा दिसतो. फिल्टर लावू नका. पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा; नुसता फोटो पाठवला की मेसेजिंग ॲप तो दाबून लहान करतं आणि खवले जातात. सोबत तालुका, वेळ, घरात कुठे दिसला आणि काय करत होता एवढं लिहा.

मोबाईलवरची ओळखणारी ॲप्स अंधारातल्या, अर्ध्या दिसणाऱ्या सापाला हमखास चुकतात. त्यांनी ‘कवड्या’ म्हटलं म्हणून कुणी हात घालू नये.

साप दिसला नाही, फक्त कात मिळाली.

कात म्हणजे चांगला पुरावा. घाईने चुरगाळून टाकू नका. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि पांढऱ्या कागदावर पसरा. लांबीवर विश्वास ठेवू नका: कात ताणली जाते, साप तिच्यापेक्षा आखूड असतो.

पोटाकडची रुंद पट्टी आधी शोधा. अंगाच्या मध्यावर त्या पट्टीच्या एका कडेपासून तिरक्या रेषेत पाठीवरून दुसऱ्या कडेपर्यंत खवले मोजा. मण्यारीला साधारण १५ ओळी, कवड्याला १७, धामणीला १६ किंवा १७, नागाला २१ ते २५, घोणशीला २७ ते ३३. पाठीच्या मध्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ आहे का बघा. मग शेपटीचा खालचा भाग: मण्यारीत तिथले खवले अखंड, एकेरी असतात, कवड्या, धामण आणि नाग यांच्यात दुहेरी, झिपसारखे. मोठे मधले खवले, १५ ओळी आणि शेपटीखाली एकेरी खवले, असं तिन्ही जुळलं तर कात मण्यारीची. बोट फिरवल्यावर प्रत्येक खवल्याच्या मध्यावर उंच रेघ लागली तर घोणस, फुरसं किंवा पाणदिवड यांच्याकडे बघा.

कात किती जुनी आहे हेही कळतं. मऊ, किंचित ओलसर असेल तर ती ताजी, साप आसपास असू शकतो. कुरकुरीत, धुळीने माखलेली असेल तर महिन्यांपूर्वीची असेल.

साप नजरेआड झाला. आता?

सापडला नाही म्हणजे गेला असं नाही. खोली बंद ठेवा, दारात आणि भिंतींच्या कडेने रांगोळीचा किंवा टाल्कम पावडरचा पातळ थर पसरा. सापाची वाट त्यात स्पष्ट उमटते: बाहेर गेला की आत फिरतोय ते कळतं. शोधताना आधी फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरजवळची उबदार जागा, वॉशिंग मशीनखाली, चपलांचं कपाट, गॅसच्या टाकीमागे, पडद्याची दांडी. टॉर्च, लांब काठी आणि बंद बूट हवेत. गादी उचलायची तर काठीने, हात घालून नाही.

त्या रात्री त्या खोलीत झोपू नका. जमिनीवर झोपायची सवय असेल तर पलंगावर या आणि मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचा. मण्यार झोपेत चावते, त्यावर हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

चावला. साप ओळखणं उपचारासाठी गरजेचं आहे का?

नाही, आणि त्यासाठी मिनिटभरही घालवू नका. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच आहे. साप ठरवून वेगळं इंजेक्शन निवडायचं नसतं. डॉक्टर लक्षणं बघतात आणि साधी चाचणी करतात: कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त २० मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाच्या विषाची शंका बळावते. फोटो सहज मिळाला असेल तर दाखवा. मेलेला साप पिशवीत घालून नेऊ नका. तुटलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं.

चापड्यावर हे औषध काम करत नाही, पण त्याच्या दंशालाही रुग्णालय लागतंच.

अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. चावलेला हात किंवा पाय फळीने सैलसर आधार देऊन स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा. आवळून बांधणं, कापणं, चोखणं, बर्फ, मंत्र हे सगळं वेळ खातं आणि इजा वाढवतं.

चावल्याच्या खुणेवरून साप कळतो का? दोन ठिपके म्हणजे विषारी?

नाही. विषारी साप एका दाताने चावू शकतो, खरचटू शकतो. मण्यारीच्या दाताची खूण कित्येकदा दिसतच नाही, सूज नाही, दुखत नाही. पहाटे पोटात कळ, घशात आवळल्यासारखं, पापण्या मिटायला लागणं, एवढंच. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसात ही लक्षणं दिसली तर साप कुणी पाहिला नसला तरी मण्यारीचा संशय धरून रुग्णालय गाठा. खूण नाही, त्रास नाही म्हणून घरी थांबू नका. निरीक्षणाखाली २४ तास काढावे लागतात.

ओळखला, विषारीच आहे. मारला तर चालेल का?

सापांना वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. मारणं, पकडून ठेवणं, विकणं हा गुन्हा. जीव वाचवताना नाइलाजाने झालेली गोष्ट वेगळी. व्यवहारातलं कारणही आहे: कित्येक दंश साप मारायला किंवा पकडायला गेलेल्यांनाच होतात.

मांडूळ दिसलं तर हेच. त्याला दोन तोंडं नसतात, शेपूट डोक्यासारखी बोथट असते एवढंच. त्याच्या नावावर लाखोंचे सौदे सांगणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे किंवा तुरुंगात घेऊन जातो आहे.

फिनाईल, कार्बोलिक ॲसिड, लसूण, मीठ शिंपडलं तर साप येत नाही ना?

येतो. मिठाची रेघ साप आरामात ओलांडतो. कार्बोलिकने मुलांची कातडी भाजते आणि फरशी खराब होते, बस. साप येतो तो उंदीर, पाल, बेडूक आणि फट यांच्यासाठी. मोरीच्या तोंडाला ६ मिलिमीटरपेक्षा बारीक भोकांची जाळी, दाराखाली रबरी पट्टी, पाइप भिंतीत शिरतो तिथली पोकळी सिमेंटने बंद. घराला टेकून ठेवलेलं सरपण आणि विटा चार-पाच फूट दूर. खिडकीला टेकलेली फांदी छाटा. कोंबड्यांचं खुराडं आणि धान्याची कोठी जिथे असेल तिथे उंदरांचा बंदोबस्त आधी, सापाचा विचार नंतर.